पहिला शोधनिबंध विद्यापीठाच्या नियतकालिकाकडे पाठवताना

पीएचडीची नोंदणी झाली की महिनाभरात मोबाइलवर निरोप यायला लागतात. 'पेपर पाठवा. सात दिवसांत प्रकाशन. आयएसएसएन आहे. प्रमाणपत्र मोफत. फी फक्त पंधराशे.' (आयएसएसएन म्हणजे नियतकालिकाला मिळणारा ओळख क्रमांक.) मी काही वर्षं एका विद्यापीठीय त्रैमासिकाच्या संपादनात हातभार लावतो आहे. दर सत्रात कोणी ना कोणी हा निरोप मोबाइलवर उघडून समोर धरतं आणि विचारतं, "सर, इथे पाठवू का?" त्या प्रश्नाचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतो आहे. हे इतिहास, मराठी, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र अशा विषयांत काम करणाऱ्यांसाठी आहे. विज्ञानशाखांची रीत निराळी असते.

माझं सांगणं मुळात एवढंच आहे की नियतकालिक हे मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी बघून निवडू नका, त्याचे अंक वाचून निवडा. बाकीच्या पायऱ्या त्यातूनच निघतात.

आधी आपल्या विद्यापीठाचा नियम विचारा

विभागात किंवा पीएचडी कक्षात जाऊन सध्याचा नियम लेखी मागून घ्या. मित्राने सांगितलेल्या नियमावर विसंबू नका, कारण गेल्या काही वर्षांत नियम फार बदलले आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६च्या नियमावलीनुसार प्रबंध सादर करण्याआधी किमान एक शोधनिबंध छापून येणं सक्तीचं होतं. नोव्हेंबर २०२२च्या नियमावलीत ही सक्ती उठली. तरीही एखादं विद्यापीठ आपल्यापुरती अट ठेवू शकतं, म्हणून विचारायचं.

यादीचंही तसंच. आयोगाने आधी मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी केली. तिच्यात इतकी भर पडली की मे २०१८मध्ये ४,३०५ नावं एका फटक्यात काढावी लागली. त्याच वर्षी पुण्यात भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठांनी सुचवलेली हजारावर नियतकालिकं तपासली, तेव्हा त्यातली सुमारे ८८ टक्के साध्या कसोट्यांनाही उतरली नाहीत. मग दर्जेदार नियतकालिकांची 'केअर' नावाची नवी यादी आली. फेब्रुवारी २०२५मध्ये आयोगाने तीही बंद केल्याचं जाहीर केलं आणि नियतकालिकाचा दर्जा ठरवण्याची जबाबदारी विद्यापीठांवर आणि महाविद्यालयांवर सोपवली. त्यामुळे आजही कोणी 'आमचं जर्नल केअर लिस्टेड आहे' असं सांगून पैसे मागत असेल, तर तिथेच थांबा.

यादी गेल्याने अनेकांना पायाखालची जमीन सरकल्यासारखं वाटतं आहे. मला मात्र हे बरंच झालं असं वाटतं. यादी होती तेव्हा मुलं नाव शोधायची आणि अंक उघडूनही बघायची नाहीत.

विद्यापीठाचं नियतकालिक म्हणजे नेमकं कोणतं

परदेशात नियतकालिकं काढण्याचं काम बहुधा विद्यापीठांची मुद्रणालयं, म्हणजे त्यांच्या प्रकाशनसंस्था, करतात. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचं प्रेस १८७८पासून चालू आहे. शिकागो विद्यापीठाचं समाजशास्त्राचं नियतकालिक १८९५मध्ये निघालं आणि आजही निघतं. लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेचं, म्हणजे सोआसचं, बुलेटिन १९१७पासूनचं आहे आणि केंब्रिज विद्यापीठाचं प्रेस ते छापतं. मराठीच्या अभ्यासकाने सोआसचं हे बुलेटिन जरूर उघडावं. महानुभाव ग्रंथांची, मराठीचे ब्रिटिश अभ्यासक इयन रेसाइड यांनी केलेली सूची १९६०मध्ये त्यातच छापून आली.

आपल्याकडे मुद्रणालयापेक्षा विभाग आणि संस्था मोठ्या. पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाचं उदाहरण घ्या. हा विभाग 'परामर्श' हे मराठी नियतकालिक चालवतो आणि 'इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' हे इंग्रजी त्रैमासिक त्याने १९७३पासून काढलं. या इंग्रजी त्रैमासिकाचं मूळ मात्र पुण्यात नाही, ते खानदेशात अमळनेरला आहे. प्रताप शेठजींनी १९१६मध्ये तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं आणि तिथून तत्त्वज्ञानाचं इंग्रजी त्रैमासिक निघत असे. ते थांबल्यावर पुण्याने ती परंपरा पुढे नेली. मला ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगाविशी वाटते, कारण आपण तालुक्याच्या गावचे, आपलं कोण छापणार, असं म्हणणारी मुलं अजूनही भेटतात.

याशिवाय डेक्कन कॉलेजचं बुलेटिन १९३९पासूनचं, टाटा समाजविज्ञान संस्थेचं समाजकार्याचं नियतकालिक १९४०चं, गोखले संस्थेचं 'अर्थविज्ञान' १९५९चं. भांडारकर संस्थेचे 'अॅनल्स' शंभरी ओलांडलेले. भांडारकर संस्था विद्यापीठ नाही, पण प्राच्यविद्येत काम करणाऱ्याला तिला वगळून चालत नाही.

दोन वर्षांचे अंक वाचा

यावर वेळ घालवा. बाकी कुठे घाई केलीत तरी चालेल, इथे नको.

आपल्या विषयाची दोन किंवा तीन नियतकालिकं निवडा आणि त्यांचे मागच्या दोन वर्षांचे अंक मिळवा. छापील अंक विद्यापीठाच्या ग्रंथालयात नियतकालिक विभागात असतात. बांधणी केलेले जुने खंड बहुधा वेगळ्या दालनात असतात आणि ते मागावे लागतात. काउंटरवरच्या कर्मचाऱ्यांशी ओळख करून घ्या. कोणता खंड कुठे आहे हे त्यांना संगणकापेक्षा जास्त ठाऊक असतं. शासकीय संस्थेत असाल तर २०२५पासून सुरू झालेली 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना तपासा. सुमारे १३,००० नियतकालिकं तिच्यातून खुली होतात, ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचीही. जेस्टोर या नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहावर वैयक्तिक खातं उघडलं की महिन्याला ठरावीक लेख फुकट वाचता येतात. 'अॅनल्स'चे जुने खंड इंटरनेट अर्काइव्हवर सापडतात.

अंक हातात आला की अनुक्रमणिकेपासून सुरुवात करा. मग वही घ्या आणि प्रत्येक लेखासाठी तीन ओळी लिहा. लेखक कोणता प्रश्न विचारतो? तो कोणाशी सहमत नाही? त्याची साधनं कोणती, म्हणजे दप्तरं, मुलाखती, पोथ्या की आकडेवारी? आठ अंकांत मिळून चाळीसेक लेख होतात. चाळिसाव्या लेखापर्यंत तुम्हाला कळलेलं असतं की या नियतकालिकात कोणती चर्चा चालू आहे, ती कुठे अडली आहे आणि तुमच्याजवळचा मजकूर तिथे बसतो का.

संदर्भसूच्याही वाचा, वगळू नका. तीन वेगवेगळ्या लेखकांनी एकाच लेखाचा हवाला दिला असेल, तर तो तुम्ही वाचलेलाच असला पाहिजे. तुमचा परीक्षक, म्हणजे संपादक तुमचा निबंध ज्याच्याकडे मत मागायला पाठवतात तो अभ्यासक, बहुधा त्याच मंडळींपैकी असतो. आपल्या कामाची दखलही न घेणारा निबंध समोर आला की त्याचा पहिला शेरा काय असेल, हे ओळखणं अवघड नाही.

पुस्तकपरीक्षणंही वाचा. ती का, ते पुढे येईलच.

खरं की बनावट, हे कसं ओळखायचं

आयएसएसएन आहे म्हणजे नियतकालिक चांगलं, हा गैरसमज फार पसरला आहे. आयएसएसएन म्हणजे नुसता ओळख क्रमांक. गाडीला नंबर प्लेट असली म्हणून चालवणारा चांगला ठरत नाही. पण क्रमांकच खोटा असेल तर पुढे बघायचंच कारण नाही, आणि ते कागद-पेन्सिलीने तपासता येतं.

मुंबईहून निघणाऱ्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'चा क्रमांक घेऊ, ००१२-९९७६. हे विद्यापीठाचं नियतकालिक नाही, पण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. पहिल्या सात अंकांना डावीकडून क्रमाने ८, ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणायचं. पहिली दोन शून्यं सोडून द्या. मग १ गुणिले ६ म्हणजे ६, २ गुणिले ५ म्हणजे १०, ९ गुणिले ४ म्हणजे ३६, ९ गुणिले ३ म्हणजे २७ आणि ७ गुणिले २ म्हणजे १४. बेरीज ९३. तिला ११ने भागलं की बाकी ५ उरते. अकरातून ५ वजा केले की ६, आणि आठवा अंक ६च आहे. क्रमांक बरोबर. (उत्तर १० आलं तर शेवटी अंकाऐवजी इंग्रजी एक्स असतो, बाकी शून्य उरली तर शेवटी शून्यच येतं.) त्यानंतर आयएसएसएनच्या जागतिक पोर्टलवर तो क्रमांक त्याच नावाने नोंदलेला आहे का, ते बघा.

यानंतरची तपासणी डोळ्यांनी करायची. संपादक मंडळातली दोन नावं घ्या आणि त्यांच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ती व्यक्ती खरोखर आहे का आणि त्याच विषयाची आहे का, ते बघा. एकाच अंकात वनस्पतिशास्त्र, संतसाहित्य आणि बँकिंग असे सत्तर लेख असतील, तर तो अंक कोणीही वाचून काढलेला नाही. आलेल्या निबंधाच्या परीक्षणाला किती दिवस लागतात ते विचारा. उत्तर 'तीन दिवस' आलं, तर परीक्षण होत नाही. आणि पैशांचं म्हणाल, तर आपल्या विषयांतल्या जुन्या, प्रतिष्ठित नियतकालिकांत निबंध छापायला सहसा पैसे पडत नाहीत. परदेशी प्रेस मागतात ती रक्कम बहुधा लेख सर्वांना खुला ठेवायचा असेल तरच असते, आणि तो पर्याय तुम्ही नाकारू शकता.

बनावट नियतकालिकांचा एक प्रकार जास्त घातक आहे. जुन्या, फक्त छापील अंक काढणाऱ्या नियतकालिकाचं नाव आणि क्रमांक उचलून कोणी तरी खोटं संकेतस्थळ उभं करतं. नाव खरं, क्रमांक खरा, पैसे मात्र भलतीकडे. म्हणून छापील अंकावरचा पत्ता आणि ईमेल हाच खरा धरा. शंका आली तर विभागात फोन करा. मी अशा फोनला दर वेळी आनंदाने उत्तर देतो, आणि बहुतेक संपादक तसंच करतात.

काय पाठवायचं

डॉ. आंबेडकरांनी जातिसंस्थेवरचा आपला निबंध ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात वाचला. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे विद्यार्थी होते. पुढल्या वर्षी मे महिन्यात तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. आज जगभर शिकवला जाणारा तो मजकूर मुळात वर्गात वाचलेला पेपर आहे. तुमच्या चर्चासत्रातला पेपर, त्यावर शिक्षकांनी आणि सोबत्यांनी विचारलेले प्रश्न आणि त्या प्रश्नांमुळे बदललेला मजकूर, अशीच शोधनिबंधाची वाट असते.

१९१८मध्ये त्यांनी 'इंडियन इकॉनॉमिक सोसायटी'च्या नियतकालिकात शेतीच्या तुकड्यांवर निबंध लिहिला आणि बर्ट्रंड रसेल यांच्या एका पुस्तकाचं परीक्षणही लिहिलं. पुस्तकपरीक्षणाचा मुद्दा इथे येतो. नवशिक्याने सुरुवात पुस्तकपरीक्षणाने करावी, असं माझं ठाम मत आहे. संपादकांना नव्या पुस्तकावर नीट लिहिणारं कोणी मिळत नाही. पंधराशे शब्द, एक पुस्तक, आणि त्या पुस्तकाचा सध्याच्या चर्चेशी संबंध. त्या निमित्ताने तुमची संपादकांशी ओळख होते आणि वेळेवर, नेटकं लिहिणारी व्यक्ती म्हणून तुमचं नाव त्यांच्या लक्षात राहतं.

शोधनिबंधच पाठवायचा असेल तर प्रबंधाचं प्रकरण जसंच्या तसं पाठवू नका. आमच्याकडे आलेल्या एका निबंधात 'मागील प्रकरणात पाहिल्याप्रमाणे' हे शब्द नऊ वेळा होते. साधनं उत्तम होती, पण तो परत पाठवावा लागला. प्रकरण हे प्रबंधाच्या आधाराने उभं असतं, निबंधाला स्वतःच्या पायांवर उभं राहावं लागतं. एक प्रश्न घ्या, तो पहिल्या दोन पानांत मांडा आणि त्याला लागत नाही ते सगळं काढा, कितीही मेहनतीने जमवलेलं असलं तरी.

गोषवारा

संपादक आधी हाच वाचतात. समजा तुमचा विषय एका गावातल्या दूध संस्थेची इतिवृत्तं हा आहे. बहुतेक जण लिहितात, 'प्रस्तुत शोधनिबंधात दूध संस्थेतील स्त्रियांच्या सहभागाचा चिकित्सक अभ्यास करण्यात आला आहे.' यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: 'वीस वर्षांच्या इतिवृत्तांत स्त्री सभासदांच्या सह्या वाढत जातात, पण ठराव मांडणाऱ्यांत त्यांची नावं जवळजवळ नाहीत. हजेरी आणि बोलण्याचा हक्क यांतलं हे अंतर संस्थेच्या सभेच्या वेळेशी आणि जागेशी कसं जोडलेलं आहे, ते हा निबंध दाखवतो.' दुसऱ्यात साधन आहे, निष्कर्ष आहे आणि पुढे वाचावंसं वाटेल असा धागा आहे. दीडशे-दोनशे शब्द पुरतात.

मराठीत लिहावं की इंग्रजीत, हा प्रश्न दर वेळी येतो. तुमचा वाद ज्यांच्याशी आहे ते जी भाषा वाचतात, त्या भाषेत लिहा. इंग्रजीत लिहिलं म्हणजे दर्जा वाढतो, असं मुळीच नाही.

मजकूर घासूनपुसून तयार करणं

मराठी मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या फाँटमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की जोडाक्षरांचा चुराडा होतो. डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेत असाल तर त्याला आधीच बजावा. नियतकालिकाने शब्दमर्यादा, तळटीपांची पद्धत, संदर्भसूचीचा नमुना दिलेला असतो. तो तंतोतंत पाळा. नमुना दिलेला नसेल तर ताज्या अंकातला एखादा लेख समोर ठेवून तशी सूची करा.

आपल्या साधनांच्या काही खास अडचणी आहेत. जुन्या मराठी पुस्तकांवर अनेकदा फक्त शक असतो. शके १८३१ म्हणजे इसवी सन १९०९-१०, कारण शक-वर्ष चैत्रात बदलतं. सूचीत दोन्ही द्या. महसुली कागदांत फसली सन असतो, तोही तसाच ठेवून शेजारी इसवी सन लिहा. मुलाखती घेतल्या असतील तर कधी, कुठे आणि कोणत्या परवानगीने ते नोंदवा. सांगणाऱ्याला त्रास होऊ शकेल असं नाव बदलायला विसरू नका.

उसन्या मजकुराबाबत आयोगाचा २०१८चा नियम दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड करत नाही. पण हा आकडा डोक्यात ठेवून लिहू नका. अवतरणचिन्हात न टाकलेलं दुसऱ्याचं एक वाक्यही चोरीच आहे. हल्ली चॅटबॉटने दिलेले संदर्भ सूचीत येतात, आणि त्यातली काही पुस्तकं कधी लिहिलीच गेलेली नसतात. सूचीतला प्रत्येक संदर्भ तुम्ही स्वतः उघडून पान बघितलेला असावा.

परीक्षण करणाऱ्याला लेखक कळू नये, म्हणून मजकुरातून स्वतःचं नाव काढा. 'माझ्या आधीच्या लेखात' असं असेल तर ते तिसऱ्या व्यक्तीच्या रूपात लिहा. वर्डच्या फाइलमध्ये लेखकाचं नाव आतही दडलेलं असतं, 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' वापरून तेही पुसा. नाव, पत्ता आणि आभार वेगळ्या पानावर द्या.

मार्गदर्शकांचं नाव सहलेखक म्हणून घालावं का? मजकूर त्यांनीही लिहिला असेल तर घाला. त्यांनी वाचून सूचना केल्या असतील तर आभारांत मनापासून लिहा. हे पाठवण्याआधीच त्यांच्याशी बोलून ठरवा.

पाठवल्यावर

एका वेळी एकाच नियतकालिकाकडे पाठवा. दोन परीक्षक फुकट, आपल्या वेळातला वेळ काढून वाचतात. तोच निबंध दुसरीकडेही दिल्याचं उघड झालं की विश्वास जातो, आणि तो परत मिळत नाही.

पोच मिळाली नाही तर पंधरा दिवसांनी विचारा. पोच मिळाल्यावर चार महिने थांबा, मग दोन ओळींचं नम्र पत्र पाठवा. निर्णयाला सहा महिने ते वर्ष लागू शकतं. विद्यापीठीय नियतकालिकांना पूर्णवेळ माणूस क्वचितच असतो. वर्ग, परीक्षा, पेपरतपासणी सांभाळून प्राध्यापक हे काम करतात. म्हणून प्रबंध सादर करायच्या तारखेच्या दीड-दोन वर्षं आधी पाठवा.

उत्तर बहुधा 'सुधारणा करून पुन्हा पाठवा' असं येतं. ही चांगली बातमी आहे. अभिप्राय पहिल्यांदा वाचताना मन खट्टू होतं. एक दिवस जाऊ द्या, मग कागदावर दोन रकाने आखा. डावीकडे परीक्षकाची प्रत्येक सूचना, उजवीकडे तुम्ही काय केलं आणि कोणत्या पानावर. एखादी सूचना पटली नाही तर तसं कारणासह लिहा. मुद्देसूद नकाराचा संपादकांना राग येत नाही. सूचना न वाचल्यासारखं करणाऱ्याचा मात्र येतो.

निबंध नाकारला गेला तर अभिप्राय नीट ठेवा, त्यानुसार दुरुस्त करा आणि वहीतल्या दुसऱ्या नियतकालिकाकडे पाठवा. त्यासाठीच अंक वाचताना दोन-तीन नियतकालिकं निवडायला सांगितलं.

प्रूफं आणि अंक

प्रूफं आली की छापील प्रत काढून, पट्टी ठेवून, ओळीओळीने वाचा. नावं, वर्षं, पृष्ठक्रमांक दोनदा तपासा. या टप्प्यावर नवा परिच्छेद घालायचा नाही. हक्कांचा फॉर्म सही करण्याआधी वाचा. प्रबंधात आणि पुढे पुस्तकात हा मजकूर वापरायची मुभा आहे का, ते त्यात दिलेलं असतं. नसेल तर विचारून लेखी घ्या.

अंक आला की एक प्रत आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात द्या. आणि ज्या संस्थेने दप्तर उघडून दिलं, ज्या आजींनी दुपारभर बसून ओव्या सांगितल्या, ज्या सचिवांनी कपाटातली इतिवृत्तं काढून दिली, त्यांनाही एकेक प्रत स्वतः नेऊन द्या. निबंध इंग्रजीत असेल तर त्यात काय लिहिलं आहे ते समोर बसून मराठीत सांगा. त्यांनी चूक दाखवली तर वहीत टिपून घ्या, पुढच्या निबंधात ती दुरुस्त करता येते.